कोऱ्या कापडाला बोट

बदलापूरजवळच्या सोनिवलीत दुपार उतरली की आमच्या शिवणकामाच्या दोन खोल्यांत सगळंच पेंगायला लागतं. मशिनी चालू असतात, पण त्यांचा आवाजही कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटतो. खिडकीतलं ऊन कापडाच्या ताग्यांवर पडतं आणि न रंगवलेलं ते हातमागाचं कापड सायीच्या रंगाचं होऊन जातं. कटिंगच्या टेबलाशी उभी राहून मी कितीही वेळ त्याच्याकडे बघत राहू शकते. "ताईंची तंद्री लागली," मावशी म्हणतात, "चहा आता आपणच ठेवायचा."

मावशी याच गावातल्या. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता इमारती उभ्या आहेत. पहिल्या दिवसापासून माझ्याकडे शिवतात. बाकीच्या दोघी तरुण. आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला उभं राहून पाय सुजायचे, म्हणून इकडे आलेल्या. मला कपड्यांचा छोटासा ब्रँड काढायचा होता: चांगलं कापड, वेळेवर पगार, अंधार पडायच्या आत मशीन बंद, आणि सगळं इथल्या इथेच शिवलेलं. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये मी ज्या सिंधी शेठकडून बटणं घेते, त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मतलब, महँगा." मला इतका राग आला की बटणं न घेताच तरातरा निघाले, आणि कोपऱ्यावरून परत फिरले. लाकडी बटणं त्यांच्याचकडे मिळतात.

मग मुंबईतल्या एका दुकानाने आमचे पांढरे कुर्ते मागवले. आमची पहिली मोठी ऑर्डर. ती नीट पार पडली तर पुढचं वर्षभर काम मिळणार होतं. बिघडली तर खोल्या सोडायच्या, त्या दोघींनी परत पॅकिंगला उभं राहायचं, आणि मावशींना तर त्यांच्या वयात कुणी दारातही उभं केलं नसतं. हे आम्हा चौघींना पक्कं ठाऊक होतं.

कुर्ते गेले आणि थोड्याच दिवसांत सगळे खोके परत आले. पाठोपाठ दुकानाच्या बाईंचा फोन. "प्रत्येक कुर्त्याला आतून खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग आहे. सगळ्यांना एकाच जागी! स्वच्छ करून पाठवा, नाहीतर राहू दे."

मी खोका उघडला. डाग कसला, हळदीचं बोट होतं ते. नवं कापड अंगाला लावायच्या आधी घरोघरी लावतात ना, तेच.

तणतणत मी मावशींच्या मशीनपुढे जाऊन उभी राहिले. "हे तुम्ही केलंत?"

"मंग? कोरा कपडा तसाच पाठवायचा काय? कुंकू नव्हतं हितं, म्हणून नुसती हळद लावली."

"अहो, हा दुकानाचा माल! ज्याचं त्याने आपापल्या घरी लावावं!"

मावशींनी दोरा दाताने तोडला. "त्यांच्या घरी बोट लावाया कोन असंल, कोन नसंल, आपल्याला काय ठाव?"

आई गेल्यापासून माझ्या एकाही नव्या कपड्याला बोट लागलेलं नाही. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते. पिशवीतून कपडा काढते, टॅग कापते, घालते आणि बाहेर पडते. काही राहून जातंय हे तोवर माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. "सगळे धुवायला काढा," मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता."

साबण लागला तशी हळद लालभडक झाली. "ताई, खून हो गया!" दोघींतली धाकटी किंचाळली आणि मग आम्हाला हसू आवरेना. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. "ऊन खाईल तिला," एवढंच म्हणाल्या.

आणि उन्हाने खरंच खाल्ली. गच्चीभर दोऱ्या बांधल्या, कुर्ते उलटे करून वाळत घातले. समोर डोंगर निळसर झाले होते. वारा आला की सगळे कुर्ते एकदम भरून यायचे, आत कुणी तरी असल्यासारखे, आणि मग रिकामे व्हायचे. मी त्यांच्यामधून फिरत राहायचे. लाल ठिपका पुन्हा पिवळा झाला, मग फिकट होत गेला, आणि शेवटी नेमका कुठे होता तेही सांगता येईना. ऑर्डर वाचली होती. मला हायसं वाटायला हवं होतं.

इस्त्री झाली, पॅकिंगला बसलो. "मावशी, या खेपेला हळद नको हं," मी म्हटलं. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मऊ निघाला.

"नाय लावत," त्या म्हणाल्या.

त्या घड्या घालत होत्या, मी पिशव्या भरत होते. बऱ्याच वेळाने माझं त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. प्रत्येक कुर्त्याचा खालचा कोपरा त्या उलटा करत होत्या आणि त्यावर बोट टेकवत होत्या. कोरडंच बोट. ओठ जरासे हलत होते.

मी पिशवी खाली ठेवली. पुढचा कुर्ता घेतला, कोपरा वर केला आणि त्यांच्यासमोर धरला.