मंग दखसू

आमच्या कंपनीचं एक ॲप नवापूरकडचे पोल्ट्रीवाले वापरतात. कुठल्या शेडमधल्या पिल्लांना लस कधी द्यायची, याची आठवण त्यांच्या मोबाइलवर जाते. मी कळसाडीतून, घरूनच काम करते. टीम लीडरनं मला त्याचा जुना कोड तपासायला दिला. लिहिणारे कोडच्या बाजूला टिपा टाकतात. त्यांत ‘हे तात्पुरतं आहे, नंतर नीट करू’ असं जिथे त्यांनी स्वतःच कबूल केलंय, त्या जागा शोधायच्या होत्या.

अशा कबुलीचे ठराविक इंग्रजी शब्द शोधणारी स्क्रिप्ट होती. ती चालवली, यादी पाठवली. लीडर म्हणाला, “झालं की मग.” पण माझं मन थाऱ्यावर येईना. माणसं काय नेहमी ठरलेल्या शब्दांत कबूल करतात? मी फाइली वाचतच बसले. जेवायला हाक आली तरी उठले नाही.

आणि एका टिपेवर थबकले. रोमन अक्षरांत, पण आमची अहिराणी: ‘हाई बराबर नही शे. आते चाली ऱ्हायनं, मंग दखसू.’ म्हणजे, हे बरोबर नाही; आत्ता चालतंय, मग बघू.

खालचा कोड वाचला. पिल्लं दुसऱ्या शेडमध्ये हलवली, तर लसीची आठवण जुन्याच शेडच्या नावानं जात होती. कुणाची लस चुकली असेल का?

ती टीप लिहिणारी मुलगी कधीच नोकरी सोडून गेली होती. कोडच्या नोंदीत तिचं नाव होतं, ऑफिसात नंबर होता; फोन लावला.

“मी सांगेल व्हतं,” ती म्हणाली. “कोणी आयकं नही. मंग तठेच लिखी टाकं.” मग तिनं विचारलं, “आजून तसंच शे?”

“तसंच शे.”

लीडर आधी म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. मी म्हटलं, “सर, तिनंही हेच लिहिलंय.” मग त्यानं स्वतः फाइल उघडली. दुरुस्तीला एक दुपार पुरली. नवापूरच्या ग्राहकांना विचारलं, तेव्हा कळलं की पिल्लं हलवणाऱ्या दोघांनी ॲपवरचा भरवसा सोडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली होती. पिल्लं वाचली होती, ती त्यांच्या सावधपणामुळे.

तरी चैन पडत नाही. आमच्याकडे अक्कलकुव्याचे, सातपुड्यातले लोकही काम करून गेलेत. त्यांच्या घरची बोली मला येत नाही. काल एका फाइलमध्ये अशीच एक ओळ दिसली. अर्थ लागला नाही. विचारायला माणूस शोधतेय.