ड्रमसमोरचा माइक
गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या जोहे गावात एसटीतून उतरलं, की मूर्तींच्या कारखान्यांतून ओल्या प्लास्टरचा आणि रंगाचा वास येतो आणि मला आमचा बँड आठवतो. गणपती गेले, की माझ्या मामांचा कारखाना रिकामा असायचा, तिथेच आमचा सराव चाले. मी गिटार वाजवायचो. ड्रम वाजवायचा आणि गायचाही एकच जण, रोह्याचा माझा मित्र. मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला. बरा झाल्यावर एका दुपारी तो आईला घेऊन कारखान्यात आला. बाहेर भातकापणी चालली होती आणि वरचा पत्रा तापला होता. "बोलता येत नाय त्याला, पन वाजवायचं हाय," आई म्हणाली. त्याने ड्रमसमोरचा स्वतःचा माइक उचलला आणि माझ्यापुढे आणून ठेवला. आम्ही त्यानेच रचलेलं गाणं घेतलं. त्याचे हात पूर्वीसारखेच चालत होते. दुसऱ्या कडव्याला मी शब्द विसरलो आणि सवयीने त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही सवयीनेच तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. तरी ठोका न चुकवता त्याने गाणं संपवलं आणि काठ्या आईच्या पिशवीत टाकल्या. "बरा वाजवलास," आई हळूच म्हणाली. त्यानंतर तो कधी ड्रमवर बसला नाही आणि बँडही राहिला नाही. आता तो कंपनीत शिफ्टला जातो. रोह्याच्या स्टेशनवर कधी भेटला, की हसून खांद्यावर हात ठेवतो आणि गाडी येईपर्यंत दोघांचंही बोलणं मीच बोलत राहतो.