गल्लीतून चालत आलेला आवाज

इंजिनिअरिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेसाठी मी मुलाखती घ्यायचो. त्यातली एक गोष्ट घरीसुद्धा कधी नीट सांगितली नाही.

कळव्याच्या खाडीकाठची एक मुलगी मॉडेल घेऊन आली होती. साबणाच्या डबीत सर्किट, खाली दोन खिळे. खिळ्यांना पाणी लागलं की डबी वाजायची.

"कुठे बसवलंयस का हे?" मी विचारलं.

"गल्लीत. सगळीकडे."

ती बाहेर गेल्यावर शेजारचे परीक्षक हसले. "सगळीकडे म्हणे! अरे, रेडीमेड मिळतं रे हे, स्टेशनजवळ." सोल्डरिंग खरंच फार सुबक होतं. स्वतः केलेल्या कामाला आमच्याकडे सगळ्यात जास्त गुण. मी शेरा मारला : विकतचं.

मॉडेल टेबलावरच राहिलं होतं. ते परत द्यायला मी एका दुपारी तिच्या घरी गेलो.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं मात्र सताड उघडी, आणि आत माणसं पलंगावर पाय वर घेऊन बसलेली. मी गेलो तशा नजरा सरकल्या.

तिच्या आईने खुर्ची दिली. मी डबी पायाशी ठेवली. तेवढ्यात खाडीच्या टोकाला बारीक आवाज सुरू झाला. मग त्याच्या अलीकडे दुसरा. तसाच. एकेक घर घेत तो आमच्याकडे येऊ लागला.

"हे काय?"

"भरती," आई म्हणाली. "पोरीनं सगळ्यांना बनवून दिलंय. सर, होईल ना तिचं? नाय झालं तर शिकणं सोडायचं ठरलंय."

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"निकाल लागलाय," मी म्हणालो. "यंदा नाही जमलं."

निकाल लागला नव्हता. यादी दुसऱ्या दिवशी जायची होती. एक फोन पुरला असता. पण तो फोन त्या हसणाऱ्या माणसालाच करावा लागला असता, आणि माझं चुकलं असं म्हणावं लागलं असतं.

शेजारच्या घरात आवाज झाला. आमच्या भिंतीपाशी झाला. मग माझ्या पायाशी ठेवलेली डबी वाजायला लागली.

"पाय वर घ्या, सर," मुलगी म्हणाली.

मला ते जमलं नाही. पाणी बुटात शिरेपर्यंत मी तसाच बसून होतो.