दारावरचे डहाळे

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सिद्धेश्वर धरणाकडच्या एका उपकेंद्रात नर्स होते. माझं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा मला भारी तोरा. एका उन्हाळ्यात जवळच्या तांड्यावर गोवराची साथ आली, तेव्हाही मी वहीत सुबक लिहिलं: रुग्ण पाच, मृत्यू दोन.

हा आकडा माझ्याआधी तांड्यावर पोचला. गोवर झालेल्या पाचांतली दोन लेकरं जातातच, असं जो तो बोलू लागला. एका तरण्या आईची तीन वर्षांची पोरगी तापानं फणफणली होती, धापा टाकत होती. दवाखान्यात न्यायलाच हवी होती. आई म्हणाली, "काहून नेता, सिस्टरबाई? जायाचीच असंल तर माझ्या मांडीवर जाऊ द्या."

तिची सासू माझी फार लाडकी. शिव्या घालत मला भाकरी वाढायची. ती कडाडली, "बाई, तुझी वही ठिव पिशवीत. दारं बघ, दारं!"

तिथं घरात गोवर आला की दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचत. मग परक्यानं उंबरा ओलांडायचा नाही. मीही मोठी समंजस! डहाळा दिसला की मान राखून परत फिरायची. आजारी लेकरं आत राहायची. उपकेंद्रात आणलेली नि गेलेली तेवढी माझ्या वहीत यायची.

म्हातारी आणि मी दारं मोजत निघालो. सून पोरीला कडेवर घेऊन मागं. तिसाच्या वर डहाळे निघाले. एक शेळीच्या खोपटालाही होता. "तिलाबी जीव हाय की," म्हातारी म्हणाली. बहुतेक घरांची पुरळ सुकलेली पोरं अंगणात भांडत होती. मृत्यू मात्र तेच दोन. सुनेनं डोळे पुसले आणि ती म्हणाली, "चला." मला म्हातारीला कडकडून मिठी मारावीशी वाटली.

पोरगी वाचली, हे आधीच सांगून टाकते. पण मला आठवतं ते दवाखान्यात नेतानाचं, जीपमधलं. सुनेची शेजारीण न बोलवता आमच्यासोबत चढली होती. गेलेल्या दोघांतला एक तिचा मुलगा. माझं लक्षच नव्हतं. मी सुनेला हुरूपानं सांगत होते, "तिसांत दोनच गं! घाबरायचं काय त्यात?"

शेजारणीनं पोरीचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

"बाई, तीस म्हना न्हाईतर पाच," ती म्हणाली. "माझं एकच व्हतं. हे वाचवा."