कोकराच्या तोंडावरचा हात

उंब्रजजवळ, घरामागच्या गुंठाभर जागेत मी आयुष्यात पहिल्यांदाच भाजी लावली. मेथी उगवली आणि माझी झोप उडाली. अळी पडेल म्हणून दुकानदार देईल ते औषध मारलं. त्याहून मोठी धास्ती मेंढरं राखणाऱ्या एका बाईची होती. ऊन वर आलं की ती बांधावरून मेंढरं घेऊन जायची. एखादं वाफ्यात घुसलं तर? मी काठी घेऊनच उभा राहायचो.

माझ्या वाफ्यापाशी आली की ती काखेतल्या कोकराच्या तोंडावर तळहात दाबून धरायची, बाकीची मेंढरं लांबून वळवायची. मला वाटायचं, बाई भली आहे, माझी भाजी जपते.

एक दिवस ती थांबली. "आवं आण्णा, औषध कवा मारलं?"

"परवा. का?"

"वास येतोय अजून. असलाच पाला खाऊन माजी दोन मेंढरं तोंडाला फेस येऊन मेली. म्हून हात धरावा लागतोय."

मेथीची पहिली जुडी सकाळीच मी मोठ्या कौतुकानं सुनेला दिली होती, आणि नातीचा डबा घेऊन शाळेची गाडी केव्हाच निघून गेली होती.