मेंदूतले पांढरे डाग

काजलच्या डोक्यावरची पिवळी टोपी शिबिराच्या मॅडमनं ओढून काढली अन् दुसऱ्या लेकराच्या डोक्यावर घातली. माझ्यासमोर. फोटोवाला उभा होता, म्हणून घाई होती. "इसका नहीं होगा," मॅडम म्हणाली, "इसको लाइन से हटाओ." पोरगी माझी चार वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही. तिले वाटलं, मॅडम टोपी सरळ करून राहिली. मॅडमकडं पाहून हासली.

गोंदियाच्या एका सभागृहात शिबिर होतं. पिवळी टोपी मिळालेल्या, म्हणजे निवडलेल्या लेकरांच्या कानाचं ऑपरेशन होणार, आत मशीन बसवणार, मग लेकरू ऐकेल, बोलेल. फुकट. पण लहानपणीच झालं पाहिजे, उशीर झाला की उपयोग कमी, असं त्यांनीच सांगतलं होतं. तेव्हापासून मी घाईतच होती. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावहून एसटी, मांडीवर पोरगी, पिशवीत कागद. सहा महिने नुसत्या तपासण्या. मेंदूचा फोटो काढताना हलू नये म्हणून तिले औषध देऊन झोपवलं, तेव्हा मी दाराबाहेर तिच्या चपला हातात घेऊन बसली होती.

शिबिराच्या मोठ्या डॉक्टरकडं गेली. म्हणलं, "साहेब, हिले काऊन काढलं?"

त्यांनी मेंदूच्या फोटोची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. शिकाऊ डॉक्टर गोळा झाले. त्यांच्याशी इंग्रजीत बोलले. मग मले म्हणाले, "दिमाग में सफेद दाग हैं. मशीन लगाके भी क्या करेगी? जिसको फायदा होगा उसको मिलने दो."

बाजूच्या बाईनं आपलं लेकरू जवळ ओढलं. तिले कोड वाटलं असेल. मले तिचा राग नाही आला. मले तरी काय समजलं होतं?

"घर में ही शादी किया है क्या? पेट से थी तब बुखार-वुखार?" डॉक्टरनं विचारलं.

ताप आला होता. धानाची रोवणी सुरू होती. दवाखान्यात दाखवला, चार गोळ्या देल्या अन् पाठवून देलं. तसं सांगतलं, तर म्हणाले, "तुम लोग ध्यान नहीं रखते." सगळे ऐकून राहिले होते. मी मान खाली घातली. आपलंच चुकलं असेल. चार वर्षं तेच वाटत होतं. सासू तेच म्हणे, शेजारीण तेच म्हणे. आता मोठ्या डॉक्टरनंही म्हटलं. भांडायची ताकद नव्हती राहिली.

मग मॅडमनं एक कागद पुढं सरकवला. सोबत शाईचं पॅड. "अंगूठा लगाओ, फाइल बंद करनी है."

दहावी पास आहे मी. बिड्या वळते म्हणून अडाणी नाही. वाचलं. छापलेलंच होतं: पालकांची ऑपरेशनला तयारी नाही.

"मॅडम, आमची तर तयारी आहे. नकार तर साहेब देऊन राहिले."

"सबका यही भरते हैं. क्या फरक पड़ता है?"

काजल खाली बसून उरलेल्या टोप्या लावत होती. लहानीवर लहान, मोठीवर मोठी. घरी बिडीसाठी तेंदूची पानंही अशीच निवडून देते, चुकत नाही. डाग असतील तिच्या मेंदूत. मी काही डॉक्टर नाही. पण ही पोरगी उद्या शिकेल, अन् एक दिवस हा कागद वाचेल. माझ्या मायनंच नको म्हटलं, असं वाचेल. एवढा फरक पडते.

मी मॅडमच्या हातचा पेन घेतला. छापलेल्या 'नाही'वर रेघ मारली. खाली लिहिलं: आमची तयारी आहे. मेंदूत डाग आहेत म्हणून डॉक्टरांनी नकार देला. त्याखाली सही केली. पूर्ण नावानं.

"आता साहेबांची सही घ्या," म्हणलं.

"पागल हो क्या?" मॅडम म्हणाली. डॉक्टरनं कागद वाचला अन् पेनाचं टोपण लावून टाकलं.

ऑपरेशन झालं नाही. सही पण झाली नाही. कागद मी घेऊन आली. दर शिबिराले घेऊन जाते, टेबलावर ठेवते. डॉक्टर लोक सही टाळून राहतात. थकली मी, खोटं कायले बोलू? पण माझ्या पोरीले नाही म्हणायचं असेल, तर म्हणणाऱ्यानं आपल्या नावानं म्हणावं, आपल्या सहीनं. माझा अंगठा मिळणार नाही.