बरडावरचा साग

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. शाळा तिसरीपर्यंत, पण सागाच्या बियातलं मले किती कळतं ते मोर्शीपासून परतवाड्यापर्यंत कोणालेही विचारा. तीस वर्षं मी रोपवाटिकेले बी दिलं. झाड निवडायची माझी रीत एकच: सरळ, उंच, अर्ध्याच्या वर गेल्याशिवाय फांदी नाही. तशी पाच झाडं माझ्या वावरात नाल्याच्या काठी उभी आहेत. मीच लावलेली.

त्या उन्हाळ्यात अमरावतीहून झाडांवर संशोधन करणाऱ्या एक मॅडम आल्या, माझ्या नातीच्या वयाच्या. म्हणाल्या, ऊन वर्षागणिक वाढून राहिलं, पुढं मेळघाटात साग टिकवायचा तर ऊन सोसणाऱ्या झाडांचंच बी आतापासून पेरलं पाहिजे. कोणतं झाड सोसेल हे त्या पानावरून ठरवणार होत्या. पानात झाडाची जनुकं असतात, बियातून पुढच्या पिढीत जाणारी, ती प्रयोगशाळेत वाचता येतात. मी लगेच हो म्हटलं. वाचून वाचून माझ्याच झाडांपाशी येतील, याची मले खात्री होती. त्यांनी माझ्या पाचही झाडांची पानं घेतली आणि जाता जाता माझ्या चुलत भावाच्या बरडावरच्या, खडकाळ पडीक जमिनीतल्या सागाचीही घेतली.

ते झाड काय सांगावं. खाली नुसता मुरूम, बुंधा दोन जागी वाकलेला, एक धड फळी निघायची नाही. भावानं ते लावलंही नव्हतं, आपोआप आलेलं.

दिवाळीनंतर मॅडम आल्या अन् बियासाठी निवडलं म्हणून त्या वाकड्या झाडाले नंबराचा पिवळा पट्टा बांधला. माझ्या एकाही झाडाले नाही. मी म्हटलं, माझी झाडं बरडावर असती तर त्यांनीही ऊन सोसलं असतं. त्या म्हणाल्या, "आजोबा, जागेमुळं काय झालं अन् रक्तात काय आहे, हेच तर पानावरून वेगळं करून पाहिलं. तुमची झाडं लाकडाले चांगली आहेत. ऊन सोसायचे गुण त्यांच्यात कमी निघाले."

सरळ झाड निवडण्यात माझा जन्म गेला, अन् ही पोर मले हे सांगून राहिली होती.

भावानं गावभर पेढे वाटले. पाहुणा आला की त्याले बरडावर नेऊन पट्टा दाखवायचा. एकदा पारावर चारचौघांत मले म्हणाला, "दादा, तुमचा साग पलंगाचा, आमचा बियाचा." सारे हसले. मीही हसलो, पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. बरडाची वाट जवळची, तरी मी महिनाभर नाल्याकडून फिरून वावरात गेलो. ते झाड मले पाहवत नव्हतं.

माघात बी गळायले लागलं अन् मॅडमनी त्या झाडाचं बी गोळा करायचं काम मलेच सांगितलं. भावाले त्यातलं काही कळत नाही. झाडाखाली झाडून घ्यायचं, पडलेलं ताजं बी रोज वेचायचं, पोत्यात घालून घासायचं म्हणजे वरचं टरफल निघतं. बारा दिवसांत अर्धं पोतं झालं. तेराव्या दिवशी मी माझ्या पाच झाडांखालचं बी आणून त्याच पोत्यात ओतलं. सागाचं बी सारखंच दिसतं, मलेही वेगळं करता येत नाही. माझी झाडं त्याच्या नंबरावर का होईना, मेळघाटच्या डोंगरावर चढतील. वरून पोतं शिवलं, नंबराची चिठ्ठी बांधली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. उद्या दुपारी गाडी येणार. दर झाडाचं बी डोंगरावर वेगळ्या वाफ्यात, मग रोपं वेगळ्या ओळीत लावणार. दुसऱ्या गावांच्या पोत्यांतल्या बियाची रोपं मॅडम लावायच्या आधी तपासणार होत्या, मिसळ झाली तर सारा हिशेब चुकतो अन् रोपं उन्हात जळून जातात म्हणून. "तुमचं पोतं मात्र तसंच पेरायले देते. तुमच्या हातचं बी आहे."

तीस वर्षांत माझ्या बियात कोणाले खोट सापडली नव्हती. आता असती, अन् ती फक्त मलेच ठाऊक असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मॅडमले फोन लावला. गाडी पंधरा दिवसांनी पाठवा म्हटलं. त्यांनी विचारलं काहून. मी सांगितलं, मिसळ झाली, अन् मीच केली. त्या बरं म्हणाल्या. मी पोत्याची शिवण उसवून सगळं बी माझ्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर ओतलं अन् खराटा घेऊन बरडावर गेलो. भाऊ तिथं उभाच होता.

"काहून दादा, पोतं तर भरलं होतं ना?"

"माझं बी मिसळलं त्यात. मीच मिसळलं."

पलंगाचं तो काही बोलला नाही. मी त्याले बाजूले सरकायले सांगितलं अन् त्याच्या वाकड्या झाडाखालचा पालापाचोळा झाडायले लागलो.